नावापुरती नाचणारी

फ्रेस्नो, ४ फेब्रुवारी १९७९

दादा,

पुन्हा तेच कात्रण कशाला पाठवलंस? पाकीट फोडताना वाटलं, ह्या खेपेला तरी घरची खुशाली असेल. मी बरा आहे. द्राक्षांची छाटणी चालू आहे, थंडीनं बोटं फुटलीत.

मला नीट लिहिता-वाचता येत नाही म्हणून माझ्या खोलीत राहणाऱ्या चेमाकडून वाचून घेतलं; हे पत्रही तोच लिहून देतोय. आपल्या राजधानीतला तो परीक्षण लिहिणारा म्हणतो, असले चावट नाचगाण्यांचे सिनेमे म्हणजे गटार. नाचणाऱ्या पोरींना लाज नाही. खाली त्यांची नावं, त्यात आपली ओतिलिया. ऐकण्यासारखा म्हणे एकच, नायिकेचा गळा. औषधाच्या दुकानात हे मोठ्यानं वाचलं गेलं आणि तू बहिणीला घर बंद केलंस. गावात सिनेमा पाहिला कुणी?

मी पाहिला. इथं लागला होता. आपल्या देशातून मजुरीला आलेली माणसं शिट्ट्या मारत होती. चेमा ओरडला, "लिब्रादो, डोळे उघड की लेका! झोपायला तिकीट काढलंस काय?" मी डोळे मिटून ऐकत होतो. नायिका नुसते ओठ हलवत होती रे. गळा ओतिलियाचा. आई भाकऱ्या थापताना गायची, तेव्हा ओळीच्या मध्येच श्वास घ्यायची ना, तस्सा. नाचणाऱ्यांत ती कुठंच नव्हती. गाणाऱ्यांच्या युनियनचं कार्ड नाही, म्हणून पैसे मिळण्यापुरतं तिचं नाव नाचणाऱ्यांत घातलेलं.

फोनवर मी तिला म्हटलं, दादाला कळवतो. तर म्हणाली, "नको. नाचले असते, तर काय मी त्याची बहीण नसते?"

म्हणून गप्प बसलो.

नाताळात ती दाराशी आली होती, ठाऊक आहे मला. तू आतून म्हणालास, "ह्या नावाचं इथं कुणी राहत नाही." पहाटेच्या बसपर्यंत ती थांब्यावर कुडकुडत बसली. तिथंच छातीत थंडी भरली. मग महिनाभर खोकला.

शनिवारी ती येतेय. माझ्याकडे इथं राहायचे कागद नाहीत, आलो तर सीमा ओलांडून परत फिरता यायचं नाही. चेमा हे पत्र तुझ्या हातात देईल आणि तसाच पुढं शहरातल्या इस्पितळात जाऊन तिला घेऊन येईल. ह्या वेळी दार उघड. ताट वाढावं लागणार नाही. ट्रकमधून उतरवायला चार माणसं तेवढी बोलावून ठेव. आणि आईच्या शेजारी जागा खणून घे.

ती नाचली असती तरी मी हेच लिहिलं असतं.

दार उघडलंस तर तुझाच भाऊ,
लिब्रादो

पेटी, ट्रक आणि पाद्री धरून चेमाजवळ दोनशे चाळीस डॉलर दिलेत.