फेल्टची माटोळी

पेडणे,
१७ ऑगस्ट १९८७

चि. सौ. वर्षा हिला आईचे अनेक आशीर्वाद. छोट्या सोनमला पापे. मारुतीरावांना पत्रात काय लिहायचं ते मला अजून जमत नाही, तेव्हा त्यांनाही आशीर्वादच.

इकडे सगळं ठीक. काजूच्या बागेत रान माजलंय. गणपतीची चवथ तोंडावर आली, भिंतींना रंग देऊन झाला.

वाड्यावरचा गोपाळ तुमच्या वास्कोला परत कामावर चाललाय, त्याच्या हाती ही पिशवी पाठवते. आत खायचं काही नाही, उगाच हुंगू नकोस. सोनमच्या पाळण्यावर टांगायला माटोळी शिवली आहे. मारुतीरावांच्या गावाकडे माटोळी बांधत नाहीत, असं तू लिहिलं होतंस. पोरीची पहिली चवथ आणि डोक्यावर माटोळी नाही, हे काही माझ्या गळ्याखाली उतरेना. गणपतीच्या डोक्यावर टांगलेल्या माटोळीच्या फळांकडे बघून तू हात वर करायचीस, तशी तीही करू दे.

म्हापशाच्या बाजारात फेल्टचे तुकडे मिळाले. भारी गुणी कापड गं! कापलं तरी कडेचे धागे सुटत नाहीत, मुडपायला नको. दोन तुकडे एकावर एक ठेवून कडेने काजाचा टाका घालायचा, थोडं तोंड उघडं ठेवून कापूस भरायचा आणि शिवून टाकायचं. काकडी, तोरिंग, आंबाडे, सुपारीचा घोस आणि मधला नारळ केला. काकडी वाकडी झाली आहे, पण खरी तरी कुठे सरळ असते.

कापूस कुठून आणला ते विचारू नकोस. बरं, सांगते. तुझ्या बाबांच्या उशीतून. सावरीचा कापूस घरात तेवढाच होता.

खरं तर त्यांच्याविषयी लिहायचंच नाही असं ठरवलं होतं. लिहिण्यासारखं काही नव्हतंच. तुझ्या लग्नापासून घरात तुझं नाव निघालं की ते उठून बागेत जातात. मराठीसाठी पणजीपर्यंत मोर्च्याला गेलेला माणूस. घोषणा मराठीत, घरी येऊन भांडण कोंकणीत. आणि लेकीने अस्सल मराठी बोलणारा जावई आणला, तर तो म्हणे घाटावरचा! मला हसूही येतं आणि रडूही. मला कोणी अडवलेलं नाही, पण त्यांना मागे ठेवून एकटीने नात बघायला माझा पाय निघत नाही.

काल सकाळी ते उशी घेऊन स्वयंपाकघरात आले. उशी पापडासारखी कशी झाली, म्हणाले. मी सांगितलं, शेजारच्या वत्सलेच्या नातवासाठी खेळणी करते आहे. त्यांनी माझा शिवणाचा डबा उघडून एकेक फळ उलटंपालटं करून बघितलं. टांगण्यासाठी मी लाल सुताचे फास शिवले होते. ते बघून कपाळाला आठ्या पडल्या.

"माटोळी कोण सुतान बांदता?" म्हणाले आणि कोयता घेऊन गेले.

मला वाटलं, संपलं सगळं. दुपारी आले ते रानातल्या कुमयाच्या झाडाची साल घेऊन. आपल्या माटोळीला दरवर्षी दोर वळतात तसेच वळले, फक्त बारीक. सुताचे फास कापले आणि एकेक फळ स्वतःच्या हाताने बांधलं. त्यांची गाठ तू ओळखशील. मध्येच विचारलं, पोर बसायला लागली का? हात पोचेल, सगळं तोंडात घालील, दोर आखूड हवेत. वत्सलेचा नातू चौथीत आहे, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे.

नारळ तेवढा त्यांनी पिशवीत घातला नाही, देवघराच्या खुंटीला टांगला. मी म्हटलं, अहो, नारळाशिवाय कसली माटोळी?

"नारळ हांगाच रवूं दी. तिका म्हण, चवथीक येवन व्हर. आनी ताकाय हाड."

नारळ न्यायला चवथीला तू यायचंस, आणि 'त्यालाही' आणायचंस! त्याला म्हणजे कोणाला, ते मी विचारलं नाही. डोळ्यांना पदर लावला आणि पाट पुसायला घेतला.

आपला गणपती पाच दिवस असतो, त्यात मारुतीरावांना एका दिवसाची रजा मिळेलच. तोवर माटोळी अपुरीच टांग.

वाट बघणारे,
तुझी आई
आणि बाबा

(हे दुसरं नाव मी त्यांना न विचारता लिहिलं. आत्ता शेजारी येऊन बसलेत, बघताहेत. खोड म्हणाले नाहीत.)