गिरणीच्या रांगेतली स्कूटर

किन्हवली, ११ मे २००८

आदरणीय महेंद्रदाजी यांस,

सप्रेम जय भीम. ताईचा गुडघा आणि तुमचा दमा, दोघेही उन्हाळ्यात जरा नरमले असतील अशी आशा करतो. भात उपणायचा पंखा, विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर आणि तीन मेलेल्या रेडिओंचा एक जिवंत रेडिओ, एवढं मी याच दोन हातांनी केलं, शिक्षण सातवी. तेव्हा कागद दाखवून मला कोणी गप्प करू शकत नाही, हे मुरबाडच्या विजेच्या स्कूटरवाल्याला आता कळलं आहे.

झालं असं. आमच्या लेकीला, रत्नप्रभेला, तुमच्या डोळखांबात शिवणवर्गावर शिकवायचं काम लागलं, हे ताईने सांगितलंच असेल. सोळा जूनपासून सकाळी नऊला हजर. इकडची पहिली एस.टी. तिथे साडेदहाला टेकते (टेकली तर). म्हणजे तिने एकतर स्वतःचं वाहन घ्यावं, नाहीतर तिकडेच राहावं, नाहीतर काम सोडावं. ही स्कूटर ताशी पंचवीसच्या वर जात नाही, म्हणून तिला लायसन लागत नाही. पेट्रोल नाही, किक नाही, आवाज तर एवढाही नाही की कुत्र्याने मागे लागावं. किंमत चोवीस हजार. एवढी स्वस्त वस्तू दिसली की तिच्यात काय कमी आहे ते शोधल्याशिवाय मला चैन पडत नाही.

कागदावर होतं, एका चार्जिंगमध्ये पंचेचाळीस किलोमीटर. मी विचारलं, वजन किती धरलं? चढ किती? विकणारे संजूशेठ (वजन ब्याऐंशी, विचारून घेतलं) म्हणाले, चालवून बघा. मी त्यांनाच मागे बसवलं, कारण रत्नप्रभेच्या मागे कापडाचा गठ्ठा असणार. सरळगाववरून किन्हवलीकडे वळलो आणि बाविसाव्या किलोमीटरला, बरोबर चढावर, गाडीने मान टाकली. "काका, त्या कागदात एकच मानूस धरलाय," संजूशेठ उतरून म्हणाले. मग तसं लिहा, म्हटलं.

ढकलत गुणाबाईच्या गिरणीवर आलो. भारनियमन, लाइट दोनला येणार. आमच्याकडे माणूस घरी गेला तरी त्याचा डबा रांगेत नंबर धरतो, हे तुम्ही जाणताच. मी स्कूटर शेवटच्या डब्यामागे लावली. चारला नंबर आला. गिरणी आणि प्लग एकदम चालवले तर फ्यूज उडतो, म्हणून गुणाबाईने आधीच विचारलं, किती वेळ? सहा तास, मी खरं ते सांगितलं. तोवर मागे आणखी नऊ डबे लागले होते.

"माझं दळान धा मिनटांचं. तुमी काय डोंगर दळताव, दादा?" मागून भिमी म्हणाली.

गुणाबाईने निवाडा केला. "नंबर त्यांचा हाय, तो मोडायचा नाय. पन दळान पायलीभरच. बाकीचं उद्या."

पायलीभर म्हणजे तिच्या घड्याळात वीस मिनिटं. तेवढ्या विजेवर गाडी एक किलोमीटर दोनशे मीटर गेली. (सहा तासांना बावीस, तर वीस मिनिटांना किती, करून बघा. चोख.) म्हणजे गाडी खरं बोलते, कागद फुगवून बोलतो. रत्नप्रभा चोपन्न किलो, गठ्ठा नऊ, आमच्या दारापासून डोळखांब साडेसोळा किलोमीटर (सायकलच्या चाकाच्या फेऱ्या मोजून). जाईल नक्की. परत येईलच असं नाही. तेव्हा घाई नको. पावसात मोटारीत पाणी शिरतं का ते बघून दिवाळीत ठरवू.

आपला,
रत्नदीप

ता. क. पत्र तीन दिवस टपालात टाकायचं राहिलं. दरम्यान गाडी आली. लाल. रत्नप्रभेने शिवणाच्या पैशांतून परस्पर घेतली. संजूशेठनी हजार कमी केले, मला पुन्हा दुकानात पाठवायचं नाही या अटीवर.

ता. क. २. मुद्द्याचं राहिलंच. तुमच्याकडे दुपारी लाइट असते असं ताई म्हणाली. ओटीवरच्या प्लगला रोज गाडी लावू द्याल का? त्याशिवाय ती संध्याकाळी घरी पोचत नाही.

ता. क. ३. हे तिला वाचून दाखवू नका. तुमच्या शेजारच्या बाईजामावशींनी एप्रिलमध्येच वर्गाला लागून असलेली खोली तिच्यासाठी देऊ केली होती. मी तिला न विचारताच नको म्हटलं. महिना दीडशे रुपये, लाइटबिल धरून.