उशिराची भरपाई

४ तारीख, सोमवार

"या घरात आता तुझी कुणी वाट पाहणार नाही." नवऱ्याचं घर सोडून, लेकीला कडेवर घेऊन माहेरी आले, तेव्हा बाबा दारातच म्हणाले होते. लेक आता कॉलेजात जाते. तरी काल परतीच्या गाडीत ते वाक्य शेजारी येऊन बसलं.

त्यानंतर काल पहिल्यांदाच त्यांच्या गावी निघाले होते. आधी पत्र टाकलं होतं — भेटायचं असेल तर स्टेशनावर या. दिसला नाहीत, तर घरी न येता तशीच परत फिरेन. गाडी मध्येच अडकली, पाच तास! उतरले तेव्हा फलाटावर चिटपाखरू नव्हतं.

फिरले परत.

६, बुधवार

चैन नाही. आज चष्म्याच्या दुकानात, कामावर, एका बाईंना भलत्याच कुणाचा तरी चष्मा बांधून दिला. दारातच डोळ्यांवर चढवून वळल्या — अहो, यातून तुम्ही मला दोन दिसताय! मनात म्हटलं, एक तरी धड असती तर!

लेक म्हणते, भरपाई माग. इतका उशीर झाला की मिळते म्हणे. तिनेच मोबाइलवर अर्ज उघडला. 'उशिरामुळे झालेले नुकसान' या रकान्यापाशी अडली. काही नाही, असं लिही म्हटलं.

"काही नाही, तर मग भरपाई कसली गं, आई?"

उठले, कपड्यांच्या घड्या घालत बसले. घातलेल्याच मोडून पुन्हा घातल्या.

८, शुक्रवार

गाडी वेळेवर पोचली असती तर? बाबा असते का तिथे? हे विचारायचं कुणाला! आलेच नसतील. नसतीलच.

१२, मंगळवार

अर्जाला उशिराचा दाखला हवा, म्हणून बाबांच्या गावच्या स्टेशनाला फोन केला. कारकून आधी कंटाळलेला. कोणती गाडी ते ऐकल्यावर मात्र हसला. म्हणाला, त्या गाडीची भरपाई मागायला एक आजोबा रोज येऊन भांडतात. प्रवासी नव्हतेच ते! मुलगी यायची होती म्हणे. त्या दिवशी फलाट तिकिटाची मुदत संपली की खिडकीशी येऊन नवीन काढायचे. गाडी आधीच्याच स्टेशनात रद्द केल्याची चुकीची घोषणा झाली, तेव्हा कुठे घरी गेले.

"मी त्यांना समजावलं, आजोबा, भरपाई गाडीतल्या माणसांना असते. तर म्हणतात, ते तरी बसून होते, मी उभा होतो."

दाखल्याचं विचारायचं राहूनच गेलं. फोन ठेवला आणि दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन तोंड धुतलं. दोनदा.

१३, बुधवार

सकाळीच पत्र टाकलं. ऐकायचे नाहीत, माहीत आहे. तरी लिहिलं —

बाबा, रविवारी आम्ही दोघी येतोय. स्टेशनावर येऊ नका. घरीच बसा.