चौथ्यांदा घेतलेलं नाव

३ मार्च
केरिचोच्या चहा संशोधन मळ्यात आज रुजू झाले. काय सुरेख काचघर आहे! काम सोपं. चहाच्या रोपाचं एक पान कापायचं. जखमेतून ग्लुटामेट नावाचं अमिनो आम्ल पाझरतं आणि तोच निरोप समजून बाकीची पानं सावध होतात. आमची खास रोपं तेव्हा चमकतात. कुंड्या धुणारी म्हातारी, सगळ्यांची 'कोगो' म्हणजे आजी, माझं सात महिन्यांचं पोट बघून म्हणाली, बाई, तू आत्ता आलीस, तुझं पोट मघाशीच येऊन बसलंय!

९ मार्च
काम करता करता सासरच्या पूर्वजांची नावं पाठ करत होते. आमच्याकडे बारशाला म्हाताऱ्या बायका एकेक नाव पुकारतात. ज्या नावाला बाळ शिंकेल, तो पूर्वज परत आला. नवऱ्याच्या पणजीचं नाव घेतलं, तापरांदिच, आणि न कापलेलं एक रोप चमकलं. प्रयोग म्हणजे प्रयोग; आणखी तीनदा म्हटलं. तिन्ही वेळा चमकलं! हसूच आवरेना.

१० मार्च
कोगोला कालची गंमत सांगितली, तर तिच्या हातून कुंडी फुटली. एवढी शिकलीस आणि अक्कल नाही, म्हणाली. नाव बाळासमोरच घ्यायचं. चारदा घेतलं की जो ओ देईल त्याच्यात तो पूर्वज आला. मी हसण्यावारी नेलं.

८ मे
परवा मुलगी झाली. आज बारसं. नाकाला तपकीर लावली, सगळी नावं पुकारली. शिंकली नाही. जन्मल्यापासून रडलीही नाही. सासूबाई माझ्याकडे बघत नाहीत.

१५ मे
तिला पाठीशी बांधून काचघरात गेले. रागानं, नावाला चमकलेल्या त्या रोपाचं पान कापलं. दोन मिनिटांनी मुलगी किंचाळली. पहिल्यांदाच. मी वेड्यासारखी त्या पानावर फुंकर घालत बसले.

१७ मे
आमचे प्रमुख डॉक्टर लांगात यांच्याकडे रोप मागितलं. बाळंतिणीचं डोकं फिरतंच, म्हणाले. प्रयोग संपला, उद्या नऊला तपासणीसाठी सगळी रोपं दळायची आहेत. चोरायला हवं होतं. का नाही चोरलं —

१८ मे
कोगो रोप आणायला गेलीय. तू बाळापासून हलू नकोस म्हणाली. नऊ वाजून गेले.

मुलगी हसली! कोगोनं रोप आणलं वाटतं —

नाही. तिचा डावा पाय आखडला. आता उजवा. बोटं मिटतायत, एकेक. हाक मारू तर हिला नावच नाही — तेच घेऊ? तापरां