तळमजल्यावरचा कमोड

३ नोव्हेंबर
सासूबाईंना घरी आणलं. खुब्याचं ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांनी दोनदा बजावलं, उकिडवं बसायचं नाही, आता कधीच नाही. आणि आमच्याकडे भारतीय संडास. रिक्षात आई हळूच म्हणाल्या, "सुमेधा, मी कमी खाईन."


५ नोव्हेंबर
मधे भोक असलेली प्लास्टिकची खुर्ची आणली, संडासावर ठेवायची. ओल्या लादीवर सरकली. मी धरलेलं म्हणून आई वाचल्या. दोघी तशाच भिंतीला टेकून उभ्या. त्यांना आधी हसू आलं, मग रडू.
आई त्याचीच, म्हणून नितीनला गोदामात फोन केला. म्हणाला, साळवीकाकांशी बोल, घरमालक ते आहेत, मी भिवंडीत बसून काय करू?
बोलायचं मीच. नेहमीचंच.

६ नोव्हेंबर
वर गेलेले. काका चहा पीत होते, मलाही दिला. माणूस वाईट नाही. कमोड बसवून द्याल का, विचारलं.
"गरज तुमची, मग खर्च माझा कसा? उद्या दुसरा भाडेकरू आला, त्याला नको असला तर?"
निम्मं-निम्मं म्हणून पाहिलं. हसले. "बसवा तुमचा तुम्ही. माझी ना नाही. सोडताना मात्र होतं तसं करून द्यायचं." दोन ओळी लिहून द्या म्हटलं तर, "आपल्यात कशाला लिहिणं?"
त्यांच्या आई, साळवीआजी, आतल्या दारात काठी धरून उभ्या होत्या. सगळं ऐकलं त्यांनी.

१२ नोव्हेंबर
नौपाड्यात मी नोकरी करते त्या क्लिनिकच्या डॉक्टरांकडून पगारावर उचल घेतली. जानेवारीत ही नोकरी सोडून इथे डोंबिवलीतच काहीतरी बघायचं ठरवलेलं. आता फिटेपर्यंत नाही. डॉक्टर म्हणाले, "चला, म्हणजे तुम्ही कुठे जात नाही." गमतीत म्हणाले, पण...

१९ नोव्हेंबर
झालं एकदाचं. दोन दिवस तोडफोड, आईंना तेवढं नणंदेकडे कल्याणला ठेवलेलं. टाकीपासून पाण्याची वेगळी लाइन, दोन्ही बाजूंना स्टीलचे दांडे. आई आल्या, वॉकर घेऊन आत गेल्या आणि आतून कडी लावली. पंधरा दिवस मी त्यांच्यासोबत आत जात होते. मी बाहेर उभी, नितीन बाहेर उभा. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही.

२ डिसेंबर
सकाळी सहाला दार वाजलं. साळवीआजी. जिना उतरून आलेल्या, धापा टाकत.
"येऊ का गं जरा? गुडघे वाकतच नाहीत. सुनेला सांगवत नाही, तिला कमोडची बाहेरची पद्धत नको घरात."
नाही कसं म्हणणार.

१८ डिसेंबर
आजी रोज. कधी दोनदा. मला निघायला उशीर होतो, डॉक्टर घड्याळ बघतात. नितीन म्हणतो, आपल्या घरात आपल्यालाच नंबर लावायचा. पण आई सकाळी केस विंचरून बसतात. आजी खुर्चीत, आई पलंगावर. एकीचं गाव लांज्याकडे, एकीचं साताऱ्याकडे, तांदूळ कुणाचा चांगला यावर रोज भांडण. ऑपरेशननंतर आईंचा असा आवाज ऐकला नव्हता.

४ जानेवारी
आज बोलून बसले. काका गेटपाशी भेटले. म्हटलं, आजी रोज खाली येतात, जिन्यात पडल्या तर? वर एक कमोड बसवून घ्या ना.
"खाली येते? कधीपासून?"
माहीतच नव्हतं त्यांना. चेहरा एवढासा झाला. मी आजींची चहाडी केली का?

१० जानेवारी
काका कमोड बघायला आले. दांडे हलवून बघितले. "काम पक्कं केलंय." प्लंबरचा नंबर मागितला. दिला लगेच. आईंना सांगितलं, आजींची वरच सोय होतेय. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "मग ती खाली कशाला येईल?"

१७ जानेवारी
वर बसवणार नाहीयेत.
करार फेब्रुवारीअखेर संपतो. काका म्हणाले, "या वेळी पुढे करत नाही. आईलाच खाली आणतो. सगळी सोय आहेच." सोय! मग म्हणाले, "तुमचं नुकसान नको. कमोडचे पूर्ण पैसे देतो. बिल आहे ना?"
बिल कपाटातल्या फाइलमध्ये आहे. मी म्हटलं, हरवलं. का म्हटलं माहीत नाही. पैसे घेतले तर जायला हो म्हटल्यासारखं होईल असं वाटलं असेल.
नितीन चिडला. "हरवलं म्हणून घर वाचणारे का?"
नाही वाचणार.

२५ जानेवारी
घरं बघतोय. दिवा स्टेशनकडे भाडं परवडतं, पण तिसरा मजला, लिफ्ट बंद, पाणी टँकरचं. कल्याणला कमोडवालं मिळालं, डिपॉझिट ऐकून खाली उतरलो. आईंना अजून सांगितलेलं नाही. आजी आठवडाभर आलेल्या नाहीत. आई सहालाच दाराकडे बघत बसतात.

१ फेब्रुवारी
क्लिनिकमध्ये बसून लिहितेय, पेशंट नाहीत.
सकाळी आजी आल्या. आत जाऊन आल्यावर आईंच्या पलंगावरच बसल्या आणि बोलून गेल्या सगळं. घर सोडायचंय ते आईंना असं कळलं. आई माझ्याकडे बघत होत्या.
आजी म्हणाल्या, "मी त्याला सांगितलं, मला खाली एकटीला नको टाकू. म्हणाला, एकटी कशी, आम्ही वरच आहोत की."
आईंनी विचारलं, "मग?"
"मग काय."
आईंनी आजींच्या गुडघ्यावर हात ठेवला.
साडेसातला वरून काकांची हाक आली. आजी हलल्या नाहीत. दुसरी हाक. त्यांनी पाय उचलून पलंगावर घेतले, हातांनी एकेक करून, आणि आईंची चादर पायांवर ओढली.
मी पर्स घेऊन निघाले तर काका जिन्यात. "आईला वर पाठवा जरा."
"तुम्हीच या ना आत. त्यांच्याशी बोला."
ते उतरले नाहीत. मी थांबले नाही. दार उघडंच ठेवून आले.