दंव कुठे उतरतं

कायापांपा (ओरुरो), ५ जून १९८६

ती. मेल्चोरदादास बाल्बिनाचा शि. सा. न. वि. वि.

तिकडे घामाने तुझी शाई फुटते, इथे मी दौत चुलीशी धरून लिहितेय. एकाच सूर्याखाली हे कसं रे? आम्ही तर डोंगरावर, त्याला तुझ्याहून जवळ. मग ऊब तुलाच कशी?

आपलं ठरलंय ते लक्षात आहे. यंदा बटाटे गोठवून, वाळवून चुन्यो साधला तर मी इथे राहणार, बिघडला तर गाठोडं बांधून तुझ्याकडे. चुन्योशिवाय वर्ष निघत नाही हे मलाही कळतं. पण मला इथून हलायचं नाही, दादा. बटाटे रात्री गोठायला कुठे पसरायचे ते आईच ठरवायची, मी नुसती टोपली धरायची. ती गेल्यावरचा हा पहिलाच हिवाळा. तुला काही आठवतं?

लोभ आहेच, तो उकाड्यात आंबू देऊ नकोस.

तुझी बाल्बिना

मोंतेरो, १४ जून

चि. बाल्बिनास अ. उ. आ.

सूर्याजवळ म्हणे! अगं, तो इतका लांब की आपला डोंगर त्याच्या खिजगणतीतही नाही. आमच्या साखर कारखान्यातला मेकॅनिक सांगतो, ऊन आधी जमीन तापवतं आणि जमीन हवेला. वर हवा विरळ, तिच्यात ऊब टिकत नाही. मी ट्रकच्या टपावर बसून इथे उतरलो तेव्हा आधी पोंचो काढला, मग स्वेटर, पुढे तर लाजेखातर थांबलो.

म्हणजे उंच तितकं गार. बटाटे घरामागच्या टेकाडावर, जमेल तितके वर पसर. बिघडलेच तर रडत बसू नकोस. इथे केळी आहेत, मी आहे. खरं सांगू, मला तू इथेच हवी आहेस.

उत्तराला उशीर केलास तर कान पिळायला येईन.

तुझा दादा

कायापांपा, २७ जून

ती. दादास सा. न.

शहाण्या, तुझं ऐकून वाट लागली! सान जुआनच्या सणाची रात्र, वर्षातली सगळ्यात कडक थंडीची, आणि टेकाडावर बटाटे गोठलेच नाहीत. उन्हात मऊ पडून नासायला लागले. शेजारच्या सेवेरामावशीने विचारलं, डोंगराला नैवेद्य दाखवायला चालली होतीस का. मी रडले, तुला शिव्याही घातल्या.

पहाटे लामांचा कळप चरायला घेऊन ओढ्याकडे उतरले, तर डबक्यावर बर्फ! वर काही नाही आणि खाली बर्फ? मला राहवेना. संध्याकाळी पाण्याची वाडगी ठेवली, एक टेकाडावर, एक दारात, एक ओढ्याकाठच्या सपाटीवर. अंधारताना उतारावर अनवाणी उभी राहिले. दादा, थंडी घोट्यांजवळून खाली वाहत होती, पाण्यासारखी! सकाळी वरचं वाडगं जसंच्या तसं, दारातल्यावर पातळ पापुद्रा, खालचं तळापर्यंत गोठलेलं. चांगले उरलेले बटाटे खाली नेलेत. जीव टांगणीला लागलाय.

माया कर, सल्ले नकोत.

बाल्बिना

मोंतेरो, ५ जुलै

चि. बाल्बिनास अ. उ. आ.

हरलो बाई. गार हवा जड, म्हणून वारा पडलेल्या रात्री घरंगळत खोलगटात साचत असणार. सबंध घाट चढलं तर गारठा वाढतो, नुसतं टेकाड चढलं तर उलटं. आईने हे कधी बोलून दाखवलं नाही आणि आपणही विचारलं नाही.

काल इथे दक्षिणेच्या बर्फाळ टोकाकडून वारा सुटला. ना चढ, ना रात्र, तरी भर दुपारी दात वाजायला लागले. पोंचो मी केव्हाच विकलाय, साखरेचं पोतं पांघरून लिहितोय. हास खुशाल! हवा कुठून येते यावरही असतं म्हणायचं.

बटाट्यांचं काय झालं ते लगेच कळव.

वाट पाहणारा दादा

कायापांपा, १६ जुलै

ती. दादास सा. न.

गोठले! दगडासारखे, एकमेकांवर आपटले की टणटण वाजणारे. पायांनी तुडवून पाणी काढलं, आता उन्हात वाळताहेत. टेकाडावरचे गेले ते गेले, एका माणसाचं वर्ष निघेल इतके आहेत.

तेव्हा मी येत नाही. तुडवताना आनंदाने नाचत होते, आणि मध्येच रडू फुटलं, कारण समोर तुडवायला तू नव्हतास. तू तिथे एकटा आहेस, हे मला इथे राहायचंय म्हणून खोटं होत नाही.

पेरणी आटोपली की येते. पाहुणी म्हणून हं. निघायच्या दिवशी अडवायचं नाही.

तुझीच बाल्बिना