बहीण नसल्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
शवागार व मृतदेह हस्तांतरण विभाग,
सार्वजनिक रुग्णालय.

विषय : आपल्या शवागारात असलेल्या आमच्या पाळकसाहेबांची बहीण असल्याचा दावा मागे घेणेबाबत.

संदर्भ : 'एकाच मृतदेहावर परस्परविरोधी दावे' या मथळ्याचे आपले पत्र, आणि त्यानंतर आपल्या खिडकीवर वेळोवेळी झालेले तोंडी बोलणे.

अर्जदार : रुग्णालयामागील चर्चच्या गल्लीतील लेडीज टेलर, विधवा, वय साठीच्या पुढे.

महोदय,

१. वरचा विषय मी स्वतःच्या हाताने लिहिला आहे आणि तेवढी एक ओळ लिहायला मला पुष्कळ दिवस लागले. बाकीच्या सर्वांनी आपापले दावे मागे घेतल्याचे आपल्या दप्तरी आहेच. माझा एकटीचा राहिला होता. मृतदेह अजून आपल्याकडे पडून आहे तो केवळ माझ्या हट्टापायी, हे मला मान्य आहे. मात्र हट्ट का केला हे सांगितल्याशिवाय मी सही करणार नाही. आपण हा अर्ज शेवटपर्यंत वाचावा, मधूनच शिक्का मारू नये.

२. सदर मृत व्यक्ती आमच्या मंडळीचे पाळक, म्हणजे धर्मगुरू होते. मंडळी म्हणजे आमच्या चर्चमध्ये दर रविवारी उपासनेला जमणारी माणसे. चर्च लहान आहे, कोणत्याही मोठ्या संस्थेला जोडलेले नाही, त्यामुळे वरून येऊन सही करील असा कोणी साहेब आम्हाला नाही. पाळकसाहेब अनाथाश्रमात वाढले. त्यांनी लग्न केले नाही. आपल्या नियमात बसेल असे रक्ताचे माणूस त्यांना नव्हते. ते कोसळले आपल्याच रुग्णालयाच्या पायऱ्यांवर, आणि त्या दिवशी ते आले होते एक बेवारस मृतदेह न्यायला.

३. ज्यांना न्यायला कोणी येत नाही त्यांचे मृतदेह मुदत संपल्यावर दफनासाठी आमच्या चर्चकडे द्यायचे, अशी आपल्या कार्यालयाशी फार वर्षांची व्यवस्था आहे. आपल्या लेखी प्रकरण तिथे मिटते. आमच्याकडे ते तिथून सुरू होत असे. शवपेटी चर्चमध्ये आणून ठेवली की पाळकसाहेब आमच्याकडे तोंड करून विचारत, "ह्यांची आई कोण होणार?" मग, "भाऊ कोण?" मग, "लेक कोण?" जो उठेल तो. वय, शिक्षण, ऐपत काही बघत नसत. उठणाऱ्याने पेटीमागे सर्वांत पुढे चालायचे, पहिली माती टाकायची, आणि नंतरही वर्षातून एकदा तरी थडग्याकडे जाऊन यायचे. आपल्याला हे नाटक वाटेल. आम्हाला कधी वाटले नाही.

४. मी स्वतः या चर्चमध्ये पहिल्यांदा आले ती देवासाठी नव्हे, पडदे द्यायला. पडदे हातात होते, समोर उपासना चालू होती, म्हणून मागच्या बाकावर टेकले. त्या दिवशी पेटीत एक म्हातारे गृहस्थ होते. "ह्यांची आई कोण होणार?" असे विचारल्यावर कोणीच उठेना. माझे यजमान त्याच वर्षी गेले होते आणि त्यांना पोचवायला दोन शेजारी सोडले तर कोणी आले नव्हते. मी उठले. माझ्या वडिलांपेक्षा मोठ्या माणसाची मी आई झाले आणि त्याच्यासाठी ढसाढसा रडले, तशी यजमानांसाठीही रडले नव्हते. पुढच्या आठवड्यात पाळकसाहेब दुकानात येऊन म्हणाले, "ताई, पडदे मी उलटे लावलेत वाटतं. रविवारी येऊन जरा बघता का?" पडदे सरळच होते. मी तेव्हापासून दर रविवारी जाते.

५. या पद्धतीतली खुबी आपल्या लक्षात यावी म्हणून सांगते. एकाच मृताची मी आई आणि दुसरा कोणी लेक झाला, की आमचे दोघांचे आपसात नाते जुळायचे. मंडळीतला प्लंबर आणि बँकेतले कारकून यांचे घरामागच्या गटारावरून असे वाकडे होते की एक आला की दुसरा बाक बदलायचा. पाळकसाहेबांनी त्यांना उपदेश केला नाही. एका अनोळखी मुलीच्या दफनाला त्यांनी "हिचे भाऊ कोण होणार?" असे विचारले, दोघांकडे बघितले आणि गप्प उभे राहिले. किती वेळ ते विचारू नका, लहान मुले झोपून गेली. शेवटी दोघे उठले. पेटी दोघांनी मिळून उचलली, परत येताना गटाराचा विषय निघाला नाही आणि पुढे कित्येक वर्षे निघाला नाही. आमची मंडळी ही अशी जमली, आपल्या कार्यालयाने ज्यांना 'कोणी नाही' म्हणून लिहिले त्यांच्या नात्याने.

६. आता झालेल्या चुकीबद्दल. ते गेल्याची बातमी ज्याला जिथे कळली तिथून तो तसाच उठून आपल्या खिडकीकडे धावला. कोणी कोणाला विचारले नाही. 'मृताशी नाते' या रकान्यात ज्याने त्याने सवयीने लिहून टाकले. विचारणारा गेला होता, म्हणून न विचारताच सगळे उठले, दुसरे काही नाही. परिणामी आपल्याकडे चार बहिणी, तीन मुलगे आणि दोन आया जमा झाल्या. त्यातली एक आई आपल्याच रुग्णालयातली परिचारिका, पाळकसाहेबांच्या निम्म्या वयाची. किराणा दुकानदाराने 'मेहुणा' लिहिले. लग्न न झालेल्या माणसाला मेहुणा कुठून आला, असे आपल्या कारकुनांनी विचारले तेव्हा तो म्हणाला, "बाकीचं सगळं आधीच भरलं होतं हो." यात फसवणुकीचा हेतू नव्हता. पोलिसांना कळवण्याची आपण जी भाषा केली आहे, ती कृपया मागे घ्यावी.

७. मला सर्वांत जास्त लागले ते याच्या पुढचे आहे. आम्ही तिथे भांडलो. मंडळीतल्या एका शाळेत शिकवणाऱ्या बाईंनीही 'बहीण' लिहिलेले बघून मी सगळ्यांदेखत म्हणाले, "तू कसली बहीण? तुला कधी ताई म्हणाले का ते?" ती म्हणाली, "मला ते छोटी म्हणायचे." मला हे माहीतच नव्हते. प्लंबर आणि बँकेतले कारकून थोरला मुलगा कोण यावरून एकमेकांच्या अंगावर गेले आणि गटार परत निघाले. ज्या माणसाने आम्हाला एकत्र आणण्यात हयात घालवली, त्याची मंडळी त्याच्या मृतदेहापासून दोन भिंती अलीकडे तासाभरात मोडली. शिपायाने आम्हाला बाहेर काढले ते योग्यच केले.

८. त्यानंतर आपले पत्र आले, की दावे परस्परविरोधी असल्याने रक्ताचे नाते सिद्ध झाल्याखेरीज मृतदेह कोणालाच मिळणार नाही. आम्ही तो चर्चच्या जुन्या व्यवस्थेखाली मागितला, तेव्हा उत्तर मिळाले की ती व्यवस्था बेवारसांसाठी आहे आणि सदर मृताला वारस गरजेपेक्षा जास्त आहेत. शिवाय त्या व्यवस्थेत ताबा पाळकांच्या सहीनेच मिळतो, तरी पाळकांना घेऊन यावे. पाळक आपल्याच कप्प्यात आहेत असे निदर्शनास आणून दिल्यावर, मग नवीन पाळकांना आणा, असे सांगण्यात आले. जुन्यांना अजून माती दिलेली नाही, नवीन कुठून आणणार? अखेर आपल्या खिडकीवरच्या कारकुनांनीच इकडेतिकडे बघत सांगितले, "बाई, तुम्ही सगळे त्यांचे कोणी ना कोणी आहात, म्हणून ते अडकलेत. कोणीच नसतं ना, तर केव्हाच तुम्हाला देऊन टाकलं असतं." त्यांनी हे माणुसकीने सांगितले. त्यांच्यावर कारवाई करू नये.

९. दोन आठवड्यांपूर्वीच्या रविवारी सुतारकाकांनी सगळ्यांना बसवून घेतले. ते आमच्या मंडळीत वयाने वडील. सर्वांनी दावे सोडायचे असे ठरले. किराणा दुकानदाराने पहिली सही केली. प्लंबर आणि बँकेतल्या कारकुनांनी एकच पेन वापरले, एकमेकांकडे न बघता. परिचारिका इतकी रडली की तिचा कागद दोनदा बदलावा लागला. मी उठून घरी आले.

त्याच संध्याकाळी सुतारकाका दुकानात आले, मशीनशेजारच्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, "ताई, फक्त कागदावर नाही म्हणायचंय." मी त्यांना म्हणाले की आपल्या माणसाला 'मी ओळखत नाही' म्हणणे काय असते हे चर्चमध्ये बसणाऱ्याला तरी कोणी समजावून सांगू नये. प्रभूला पकडून नेल्यावर त्याच्याच शिष्याने 'मी त्याला ओळखत नाही' म्हटले, ती गोष्ट ऐकताना आजवर मी त्या नाही म्हणणाऱ्याला नावे ठेवत आले. त्यावर ते स्टुलावरून उठले. मग म्हणाले, "तिथं गारठा फार असेल हो." पेटी त्यांनी कधीच करून ठेवली आहे. रोज ती पुसतात आणि परत झाकून ठेवतात, हे मला त्यांच्या सुनेकडून कळले.

१०. दावा सोडण्याआधी मी काही मधला मार्ग निघतो का ते पाहिले. 'बहीण' खोडून 'शेजारीण' केले तर चालेल का, असे खिडकीवर विचारले. नाही म्हणाले. 'ओळखीची'? ओळखीची म्हटले तरी चौकशी लागते, जबाब लागतो. 'उपासनेला हजर असणारी'? तसा रकाना नाही. काही नाते नाही आणि ओळखही नाही, असेच स्वच्छ लिहावे लागेल, असे मला समजावण्यात आले. माझा नाइलाज आहे.

दोन विनंत्या मात्र आहेत. ताब्याच्या कागदावर पाळकांच्या जागी सुतारकाकांची सही चालवून घ्यावी. आणि पुढचे असे की पेटीसमोर उभे राहून 'ह्यांची बहीण कोण' असे विचारणारे आता आमच्यात कोणी नाही. सुतारकाकांना चारचौघांत बोलता येत नाही, तरी प्रयत्न करीन म्हणाले आहेत. त्यांचा आवाज फुटला नाही तरी मी उठणार आहे, आणि माझ्या शेजारी छोटीही उठणार आहे. हे आपल्या कार्यालयाच्या हद्दीबाहेर घडेल. आपण त्याची नोंद घेऊन प्रकरण पुन्हा उघडू नये.

११. सबब मी, खाली सही करणारी, पूर्ण शुद्धीवर राहून आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहून देते की सदर मृत व्यक्ती माझे भाऊ नव्हते. त्यांनी मला कधी ताई म्हटले नाही. मी त्यांना ओळखत नाही. माझ्या माहितीप्रमाणे त्यांचे या जगात कोणी नाही.

तरी त्यांना आजच्या आज बेवारस ठरवून आमच्या स्वाधीन करावे.

आपली नम्र अर्जदार,
(सही)
मृताशी नाते : काही नाही

सोमवार, कार्यालय उघडताच

सोबत :
१) बहीण म्हणून भरलेल्या फॉर्मची पोच, परत.
२) पांढरा सदरा, नवा, धुऊन इस्त्री केलेला. ताबा देण्यापूर्वी अंगावर घालावा. उजवी बाही डावीपेक्षा बोटभर आखूड आहे, ती शिवणाची चूक समजू नये. त्यांचा हात तेवढाच आहे. अर्जदारास हे कसे ठाऊक, असा शेरा कोणी मारल्यास, गिऱ्हाईक होते, असे लिहावे.